पाणावलेले डोळे, कोरडे डोळे

‘डोळ्यांतून सारखे पाणी येते’ अशी तक्रार करणाऱ्या रुग्णाला ‘तुमचे डोळे कोरडे आहेत’ असे सांगितले, तर त्याचा विश्वास बसत नाही. तरीही हे नेहमी घडते. डोळ्यावरचा अश्रूंचा थर जेमतेम ३ मायक्रॉन, म्हणजे मिलिमीटरच्या सुमारे तीनशेव्या भागाइतका जाड असतो. त्यावर पापण्यांच्या कडेच्या ग्रंथींतून येणाऱ्या तेलाचा त्याहूनही पातळ पापुद्रा असतो. तेल कमी पडले की पाणी लवकर उडते, थर फाटतो, डोळा चुरचुरतो आणि मग घळाघळा पाणी वाहते.

जर्मन डॉक्टर ऑटो शिर्मर यांनी १९०३ मध्ये सांगितलेली कागदी पट्टी आजही वापरतात. खालच्या पापणीत अडकवलेली ही पट्टी ५ मिनिटांत किती भिजली ते पाहायचे. स्वस्त आणि उपयोगी. पण पट्टी टोचल्यानेच डोळ्यात पाणी येते. रंगाचा थेंब घालून तपासले, तर थेंबाने मूळ थरच बदलतो.

नवी यंत्रे डोळ्याला स्पर्श करत नाहीत. रुग्णाने हनुवटी टेकवून, पापण्या न मिटता समोर पाहायचे. डोळ्यावर प्रकाशाची गोल कडी पडतात. त्यांचे प्रतिबिंब जिथे वाकडे होते, तिथे थर फाटला. २०१७च्या आंतरराष्ट्रीय निकषांनुसार, त्रास होत असेल आणि थर १० सेकंदही टिकत नसेल, तर डोळा कोरडा मानता येतो. तेलाची जाडी रंगांवरून कळते. पावसाळ्यात ओल्या रस्त्यावर सांडलेल्या पेट्रोलवर दिसतात, तसेच हे रंग.

याचे महत्त्व मोतीबिंदूच्या वेळी विशेष जाणवते. लेन्सचा नंबर काढण्यासाठी कॉर्नियाचा बाक मोजतात, पण तो मोजला जातो अश्रूंच्या थरावरील प्रतिबिंबावरूनच. थर फाटका असेल तर नंबर चुकू शकतो आणि शस्त्रक्रिया उत्तम होऊनही नजर धूसर राहते. अशा वेळी आधी कोरडेपणावर उपचार करून पुन्हा मोजमाप घ्यावे. शस्त्रक्रिया काही आठवडे लांबली तरी चालेल.

मात्र फोटो म्हणजे आजार नव्हे. फोटो वाईट असूनही काहीच त्रास नसलेले रुग्ण भेटतात, आणि याच्या उलटही. नुसता रंगीत अहवाल दाखवून कोणी महागडे उपचार सुचवले, तर दुसऱ्या डॉक्टरांचे मत घ्यावे. तपासणीआधी काही तास कृत्रिम अश्रूंचे थेंब घालू नयेत. काचबिंदूचे थेंब मात्र चुकवू नयेत. ॲलर्जीच्या काही गोळ्यांनीही डोळे कोरडे पडतात, म्हणून चालू औषधांची चिठ्ठी सोबत न्यावी.