मुळांच्या दाराशी थांबलेले स्फुरद

खर्डा परिसरात कोरडवाहू ज्वारी पिकविणाऱ्या आपल्या पालकांना एक प्रश्न पडतो : डीएपी टाकूनही रोपे खुरटी, पाने जांभळट का राहतात?

डीएपीच्या पिशवीवर स्फुरद 46 टक्के लिहिलेले असते. परंतु चुनखडीयुक्त जमिनीत त्याचा मोठा भाग चुन्याशी बांधला जातो. मातीतील पाण्यात फॉस्फेट अत्यल्प उरते, तर मुळाच्या पेशीत ते सुमारे हजारपट अधिक असते. म्हणजे ते आत घेणे हे विहिरीतून पाणी वर काढण्यासारखे आहे. ऊर्जा खर्चावीच लागते. पेशी प्रथम प्रोटॉन बाहेर ढकलते. ते परत येताना पेशीपटलातील वाहक प्रथिनांतून फॉस्फेटला सोबत आत आणतात. वनस्पतीतील या प्रथिनांची जनुके 1996 साली अमेरिकेतील पर्ड्यू विद्यापीठात मोहरीच्या कुळातील एका चिमुकल्या रोपात ओळखली गेली.

उपाशी रोप अशी दारे वाढविते खरे. पण दाराशी काही पोहोचलेच नाही तर? फॉस्फेट मातीत जेमतेम काही मिलिमीटर सरकते. म्हणूनच खत फोकून देण्यापेक्षा दोन चाड्यांच्या पाभरीने बियाण्यालगत पेरावे. आपले वडीलधारे हे करीत आले आहेत. कारण मात्र आता कळले.