गणित ॲपचे, माप माणसाचे

२०२४च्या पॅरिस ऑलिंपिकमध्ये कोल्हापूर जिल्ह्यातील कांबळवाडीच्या स्वप्नील कुसळे याने ५० मीटर रायफल थ्री पोझिशन प्रकारात कांस्यपदक जिंकले. त्या लक्ष्याच्या मधोमध असलेले दहा गुणांचे वर्तुळ जेमतेम एक सेंटिमीटर रुंद असते. गोळी तिथवर पोहोचायला सेकंदाचा सहावा हिस्साही लागत नाही. एवढ्या अंतरासाठी रायफल एकदा नीट लावून घेतली, की पुढे सगळा भर शरीराच्या आणि मनाच्या स्थैर्यावर असतो.

आता हेच लक्ष्य ९०० मीटर दूर नेले तर? इंग्लंडमधील बिस्ली येथे १८९० पासून अशा स्पर्धा होतात. तेथील सर्वात मानाच्या स्पर्धेची अंतिम फेरी ९०० आणि १००० यार्डांवर खेळली जाते. १००० यार्ड म्हणजे ९१४ मीटर. मोठ्या रायफलची गोळी हे अंतर कापायला पावणेदोन सेकंदांच्या आसपास घेते. तेवढ्या वेळात ती नेमाच्या रेषेपासून सुमारे दहा मीटर, म्हणजे तीन मजली इमारतीएवढी खाली येते. त्यामुळे रायफल किती वर धरायची, याचा हिशेब आधी करावा लागतो. पूर्वी नेमबाज छापील तक्ते आणि वही घेऊन बसत. आता बहुतेकांच्या हाती मोबाइल असतो आणि त्यात ‘बॅलिस्टिक कॅल्क्युलेटर’ नावाचे ॲप.

या खेळाशी संबंध नसलेल्यांनीही हे ॲप समजून घेण्यासारखे आहे. कारण ते ज्या ठिकाणी चुकते, नेमक्या त्याच ठिकाणी घरातले आणि दवाखान्यातले मोजमापही चुकते.

हवेचा अडथळा

गोळी खाली येते ती गुरुत्वाकर्षणामुळे, हे शाळेत शिकलेले असते. पण हिशेब अवघड करते ती हवा. ताशी २८०० किलोमीटर वेगाने निघालेल्या गोळीला सुरुवातीला होणारा हवेचा विरोध तिच्या स्वतःच्या वजनाच्या चाळीस पटींहून अधिक असतो. ९०० मीटरपर्यंत तिचा वेग निम्म्याखाली येऊन ध्वनीच्या वेगाजवळ पोहोचतो.

हा विरोध किती मोठा आहे, हे प्रयोगाने दाखवले इंग्लंडच्या बेंजामिन रॉबिन्स यांनी. त्यांनी लाकडाचा जड ठोकळा लंबकासारखा टांगला, त्यावर गोळी झाडली आणि ठोकळा किती झुलला यावरून गोळीचा वेग काढला. १७४२ मध्ये त्यांचे पुस्तक आले. थोर गणिती ऑयलर यांनी १७४५ मध्ये त्याचा जर्मन अनुवाद केला, तोही स्वतःच्या विस्तृत टिपांसह. पुढे रॉबिन्स ईस्ट इंडिया कंपनीचे अभियंता म्हणून भारतात आले आणि १७५१ मध्ये कडलूरजवळच्या फोर्ट सेंट डेव्हिड येथे तापाने वारले.

हवेतील गोळीचा मार्ग एका सूत्रात बसत नाही. त्याचे बारीक बारीक तुकडे पाडून प्रत्येक तुकड्यासाठी वेग, विरोध आणि जागा पुन्हा काढावी लागते. दुसऱ्या महायुद्धात अमेरिकेत तोफांचे तक्ते करण्यासाठी गणित येणाऱ्या तरुणींची पथके बसवली होती. तोफगोळ्याच्या एका मार्गाचा हिशेब टेबलावरच्या गणकयंत्राने करायला सुमारे २० तास लागत. याच कामासाठी बांधलेला ‘एनियाक’ हा संगणक १९४५ मध्ये पूर्ण झाला आणि तोच हिशेब अर्ध्या मिनिटावर आला. आज खिशातला मोबाइल ते काम डोळ्याची पापणी लवायच्या आत करतो.

ॲप गणितात सहसा चुकत नाही. गडबड होते ती त्यात भरल्या जाणाऱ्या आकड्यांत.

तीन चुका

पहिली चूक हवेच्या दाबाची. हवा विरळ असली की विरोध कमी होतो, म्हणून ॲप दाब विचारते. नेमबाज हवामानाच्या बातमीतला आकडा टाकून मोकळा होतो. पण बातमीतला दाब समुद्रसपाटीच्या पातळीला आणून सांगितलेला असतो. पुण्याची उंची सुमारे ५६० मीटर. बातमी १०१० हेक्टोपास्कल म्हणते, तेव्हा शहरातला प्रत्यक्ष दाब ९४५च्या आसपास असतो. ‘जागेवरचा दाब’ म्हणून १०१० भरले, की ॲपला हवा आहे त्यापेक्षा घट्ट वाटते आणि ९०० मीटरवर गोळी फूट-सव्वा फूट वर लागते. आकडा खरा होता, पण दुसऱ्याच प्रश्नाचा.

रक्तदाबाचे असेच होते. जिना चढून धापा टाकत आलेल्या माणसाचा दाब लगेच घेतला, हात खाली लोंबकळत ठेवला, किंवा जाड दंडाला अरुंद पट्टा गुंडाळला, तर यंत्र जास्त आकडा दाखवते. यंत्र बिघडलेले नसते. त्या क्षणी, त्या स्थितीत जे मिळाले तेच ते दाखवते. पण त्या एका आकड्यावर एखाद्याला आयुष्यभराची गोळी सुरू होऊ शकते. पाच मिनिटे शांत बसवून, पाठीला टेकू देऊन, हात हृदयाच्या पातळीवर ठेवून घेतलेला दाबच खरा धरायचा असतो. तोही एकदाच घेऊन भागत नाही.

दुसरी चूक एककाची आणि प्रमाणाची. गोळी हवेला किती सहज कापते, यासाठी ॲप एक अंक मागते. तो अंक ‘प्रमाण’ मानलेल्या एका गोळीशी तुलना करून काढलेला असतो. ‘जी-वन’ हे प्रमाण एकोणिसाव्या शतकातील आखूड, सपाट बुडाच्या गोळ्यांवरून आले आहे. ‘जी-सेव्हन’ हे आजच्या लांब, मागे निमुळत्या होणाऱ्या गोळीसाठी आहे. एकाच गोळीचा अंक पहिल्या प्रमाणाने ०.५ आणि दुसऱ्याने ०.२४ येऊ शकतो. अंक एका प्रमाणाचा भरला आणि ॲपमध्ये दुसरे निवडले, तर उत्तराला काहीच अर्थ उरत नाही. तरी ॲप कुरकुर न करता दशांशासह उत्तर देते.

याच जातीची चूक इन्सुलिन घेणाऱ्यांच्या घरात जीवावर बेतू शकते. आपल्याकडे इन्सुलिन दोन तीव्रतेत मिळते, एका मिलिलिटरमध्ये ४० युनिट किंवा १०० युनिट. त्यांच्या सिरिंजही वेगळ्या असतात. ४०ची सिरिंज साधारण लाल टोपणाची, १००ची नारिंगी. १०० युनिटचे इन्सुलिन ४०च्या सिरिंजने दहाच्या रेघेपर्यंत भरले, तर शरीरात दहाऐवजी पंचवीस युनिट जातात. साखर एकदम उतरते, घाम सुटतो, शुद्ध हरपते. इंजेक्शन देणाऱ्याने रेघ बरोबर पाहिलेली असते, बाटली आणि सिरिंज यांची जोडी पाहिलेली नसते. परदेशात मुलांकडे राहून आलेल्या ज्येष्ठांच्या रिपोर्टवर साखर ५.६ दिसते, तेव्हाही घरात घबराट होते. ते वेगळे एकक असते. आपल्या रिपोर्टच्या भाषेत ती १०० भरते.

तिसरी चूक उसन्या आकड्याची. गोळी नळीतून किती वेगाने बाहेर पडते, हा हिशेबातला कळीचा आकडा. काडतुसाच्या खोक्यावर तो छापलेला असतो, पण तो कारखान्यातल्या चाचणीच्या नळीवर मोजलेला. स्वतःच्या रायफलची नळी आखूड असेल तर वेग कमी भरतो. काडतुसे उन्हात तापली तर दारू जोमाने जळते आणि वेग वाढतो. सेकंदाला दहा मीटरचा फरक ९०० मीटरवर सुमारे फूटभर दिसतो. म्हणून जाणते नेमबाज क्रोनोग्राफ नावाच्या यंत्राने आपल्याच रायफलचा वेग मोजतात.

हृदयविकाराचा धोका सांगणारी ॲप्सही उसन्या आकड्यांवर उभी असतात. वय, कोलेस्टेरॉल, रक्तदाब, धूम्रपान भरले, की पुढील दहा वर्षांतला धोका टक्क्यांत मिळतो. यातली काही गणिते अमेरिकेतील फ्रॅमिंगहॅम गावात १९४८ पासून सुरू असलेल्या अभ्यासातून आली. एका समाजावर बसवलेले गणित दुसऱ्या समाजाला लावले, तर धोका कमी किंवा जास्त दिसू शकतो. आकडा उपयोगाचा आहे, पण घराण्यातला इतिहास, मधुमेह, कमरेचा घेर हे सगळे पाहणाऱ्या डॉक्टरांशी बोलण्याची ती सुरुवात मानावी.

वारा आणि मृगजळ

एवढे सगळे बिनचूक भरले, तरी वारा उरतोच. ताशी १६ किलोमीटरचा आडवा वारा ९०० मीटरवर गोळीला सुमारे अडीच मीटर बाजूला नेतो. वाऱ्याचा अंदाज ताशी दीड किलोमीटरने चुकला, तर गोळी पाव मीटर सरकते आणि मधल्या वर्तुळाबाहेर जाते. हातातले यंत्र नेमबाजाच्या नाकासमोरचा वारा मोजते. चारशे मीटरवर तो उलटा वाहत असेल, तर त्याचा पत्ता ॲपला नसतो. म्हणून मैदानावर झेंडे लावतात आणि नेमबाज दुर्बिणीतून मृगजळ पाहतात. तापलेल्या जमिनीवरची थरथरणारी हवा कोणत्या बाजूला वाहते आहे, हे त्यात दिसते.

याउलट काही गोष्टींची भीती वाजवीपेक्षा जास्त असते. पृथ्वीच्या फिरण्याचा परिणाम ॲप मोठ्या कौतुकाने दाखवते. या अंतरावर त्यामुळे गोळी बिस्लीत बाजूला सरकते सुमारे नऊ सेंटिमीटर, मुंबईच्या अक्षांशावर तर साडेतीनच. दमट हवा ‘जड’ असते हा समजही उलटा आहे. पाण्याची वाफ कोरड्या हवेपेक्षा हलकी असते, आणि तिचा परिणाम अगदी थोडा असतो. ॲपमध्ये सगळे रकाने सारख्याच आकाराचे दिसतात, त्यांचे वजन मात्र सारखे नसते.

शरीराचा रकाना

शरीरासाठी ॲपमध्ये रकानाच नाही. झोपून नेम धरलेल्या माणसाच्या दंडातली नाडीसुद्धा दुर्बिणीतला नेम किंचित हलवते. म्हणून श्वास सोडल्यावर येणाऱ्या नैसर्गिक विश्रांतीत, काही सेकंदांत चाप ओढायला शिकवतात. श्वास फार वेळ रोखला तर स्नायू थरथरतात आणि घाई होते.

हृदयाचे ठोके मंद करणारी ‘बीटा ब्लॉकर’ गटातील औषधे नेमबाजीत प्रतिबंधित आहेत, स्पर्धेच्या काळात आणि एरवीही. २००८च्या बीजिंग ऑलिंपिकमध्ये उत्तर कोरियाच्या एका पिस्तूल नेमबाजाची दोन पदके याच गटातील प्रोप्रॅनोलॉलमुळे काढून घेतली गेली. स्पर्धेत उतरणाऱ्याला रक्तदाबाचे औषध सुरू होत असेल, तर त्याने डॉक्टरांना खेळाची कल्पना द्यावी. ही औषधे आधीपासून घेणाऱ्याने मात्र ती मनाने, एकदम बंद करू नयेत. त्याने हृदयावर ताण येऊ शकतो.

सर्वात दुर्लक्षित अवयव म्हणजे कान. मोठ्या रायफलच्या एका बाराचा आवाज १५० डेसिबलच्या वर जातो. एवढा आवाज एकदाच ऐकूनही कानातील संवेदनशील केसपेशी कायमच्या मरू शकतात, आणि त्या पुन्हा उगवत नाहीत. उजव्या खांद्यावर रायफल धरणाऱ्याचा डावा कान आधी बाद होतो, कारण उजवा डोक्याच्या आडोशाला असतो. कापसाचे बोळे कामाचे नाहीत. कानात घट्ट बसणारे प्लग आणि त्यावर मफ, दोन्ही लागतात, नेमबाजालाही आणि शेजारी उभ्या असलेल्यालाही. सरावानंतर कानात शिट्टी वाजत राहिली, तर ‘होईल बरे’ म्हणून थांबू नये, कान-नाक-घसा तज्ज्ञांना लगेच दाखवावे.

वही अजून सुटलेली नाही

चांगले नेमबाज ॲपचे उत्तर घेऊन गोळी झाडतात, ती कुठे लागली ते पाहतात आणि मग ॲपमधला आकडा दुरुस्त करतात. इथेही एक खड्डा आहे. चूक वाऱ्याची किंवा दाबाची असताना गोळीचा वेग बदलून उत्तर जुळवले, तर त्या अंतरावर सगळे ठीक दिसते आणि दुसऱ्या अंतरावर नेम पुन्हा फसतो. म्हणून ते निरनिराळ्या अंतरांवर तपासतात आणि तारीख, तापमान, दाब, वारा, गोळी कुठे लागली, हे सगळे वहीत लिहून ठेवतात. मोबाइल आला तरी ती वही सुटलेली नाही.

सरकारी रुग्णालयात येणाऱ्या रुग्णाच्या हातातला जुना केसपेपर हीच ती वही. घरी घेतलेला रक्तदाब किंवा साखर तारीख, वेळ आणि परिस्थितीसह लिहिलेली असेल, उपाशीपोटी की जेवणानंतर, विश्रांतीनंतर की धावपळीत, तर डॉक्टरांना एका आकड्याऐवजी वाट दिसते. पुढच्या वेळी तपासणीला जाताना मोबाइलबरोबर तो कागदही घ्यावा, आणि इन्सुलिन घेणाऱ्यांनी बाटली आणि सिरिंज दोन्ही सोबत नेऊन एकदा जोडी तपासून घ्यावी.