पक्ष तोच, भूमिका वेगळी : बदल खरा की निवडणुकीपुरता?

निवडणूक जवळ आली की आपल्या वस्त्यांमध्ये एक वाद हमखास रंगतो. एक जण विचारतो, ज्यांनी नामांतराला विरोध केला त्यांच्या व्यासपीठावर आपले नेते कसे बसतात? दुसरा म्हणतो, ते जुने झाले, पक्ष आता बदलला. दोघांच्याही बोलण्यात तथ्य आहे. पण पक्ष बदलला हे ओळखायचे कसे? त्यासाठी आधी अमेरिकेकडे पाहू.

गुलामगिरी संपवणारे अब्राहम लिंकन रिपब्लिकन पक्षाचे. डेमोक्रॅटिक पक्ष तेव्हा दक्षिणेतल्या गोऱ्या मळेवाल्यांचा. त्यामुळे कृष्णवर्णीय मतदार कित्येक दशके रिपब्लिकनांसोबत राहिले. १९३० नंतरच्या मंदीत रूझवेल्ट यांच्या योजनांमुळे ते डेमोक्रॅटिक पक्षाकडे वळू लागले. पुढे नागरी हक्क आंदोलनाच्या रेट्याखाली डेमोक्रॅटिक अध्यक्ष लिंडन जॉन्सन यांच्या काळात १९६४ चा नागरी हक्क कायदा आणि १९६५ चा मतदान हक्क कायदा झाला. दक्षिणेतला गोरा मतदार संतापला आणि हळूहळू रिपब्लिकनांकडे गेला. पक्षांची नावे तीच राहिली, जागा मात्र बदलल्या. यातली महत्त्वाची गोष्ट अशी, की डेमोक्रॅटिक पक्षाने आपला दक्षिणेतला बालेकिल्ला गमावून या भूमिकेची किंमत मोजली.

हीच कसोटी आपल्या परळ-लालबागला लावू.

सुरुवात लाल बावट्यापासून. गिरण्यांच्या साचाखात्यात, म्हणजे विणकाम विभागात, मजुरी जास्त होती. पण अस्पृश्य कामगारांना तिथे प्रवेश नव्हता. धोट्यातला धागा तोंडाने ओढावा लागतो, त्यामुळे विटाळ होतो, हे कारण. वर्गलढ्याची भाषा बोलणाऱ्या नेत्यांनाही हा प्रश्न आधी आपला वाटला नाही. १९२८ च्या संपाच्या वेळी बाबासाहेबांनी तो लावून धरला, तेव्हा कुठे तो मागण्यांमध्ये आला. दहा वर्षांनी, ७ नोव्हेंबर १९३८ रोजी, बाबासाहेबांचा स्वतंत्र मजूर पक्ष आणि कम्युनिस्ट यांनी औद्योगिक कलह विधेयकाविरुद्ध एकत्र संप केला. मधल्या काळात आपला स्वतंत्र पक्ष उभा राहिला होता, हे विसरू नये.

काँग्रेसचे काय? १९५२ च्या लोकसभा निवडणुकीत याच पक्षाने मुंबईत बाबासाहेबांविरुद्ध नारायण काजरोळकरांना उभे केले आणि बाबासाहेबांचा पराभव झाला. मराठवाडा विद्यापीठाच्या नामांतराचा ठराव विधिमंडळात २७ जुलै १९७८ रोजी झाला, तेव्हा शरद पवार मुख्यमंत्री होते. नामविस्तार झाला १४ जानेवारी १९९४ ला, पुन्हा पवारच मुख्यमंत्री असताना, पण काँग्रेसचे. मधल्या सोळा वर्षांत घरे जळली, माणसे गेली. ठराव सभागृहात होतो. तो अमलात आणायला रस्त्यावर लढावे लागते.

आता शिवसेना. जानेवारी १९७४ च्या मध्य मुंबईतल्या पोटनिवडणुकीत सेनेचा पाठिंबा काँग्रेसच्या रामराव आदिकांना होता, तर दलित पँथरने बहिष्कार पुकारला होता. वरळीच्या बीडीडी चाळी पेटल्या. १० जानेवारीला परळच्या मोर्चावर वरून दगड टाकण्यात आला आणि भागवत जाधव शहीद झाले. सेनेने नामांतराला विरोध केला. १९८८ मध्ये 'रिडल्स'च्या परिशिष्टाविरुद्ध मोर्चा काढला आणि आपल्या मोर्चानंतर हुतात्मा चौकाचे 'शुद्धीकरण' केले. त्याच पक्षाने २०११ मध्ये भाजपसह रामदास आठवल्यांच्या रिपब्लिकन पक्षाशी युती करून शिवशक्ती-भीमशक्तीची घोषणा दिली. पुढे २३ जानेवारी २०२३ रोजी दादरच्या आंबेडकर भवनात उद्धव ठाकरे आणि प्रकाश आंबेडकर यांनी युती जाहीर केली. २०२४ च्या लोकसभेआधीच ती तुटली.

हे बदल का झाले? हृदयपरिवर्तन हे एक कारण असू शकते, पण तेवढे पुरेसे नाही. गिरण्या बंद पडल्या, गिरणगावची वस्ती पांगली, एकट्याच्या बळावर मुंबई जिंकणे अवघड झाले, जुने मित्र दुरावले. अशा वेळी संघटित मताला भाव येतो. युती करण्यात गैर काही नाही. बाबासाहेबांनीही राजकीय समझोते केले. मात्र समझोता आणि भूमिकाबदल या दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

भूमिका बदलली की नाही, हे किमतीवरून कळते. विश्वनाथ प्रताप सिंह यांच्या सरकारने १९९० मध्ये बौद्धांना अनुसूचित जातींच्या सवलती दिल्या आणि मंडल आयोगाची शिफारस लागू केली. त्याच वर्षी ते सरकार गेले. या मापाने आज दारात येणाऱ्या प्रत्येक पक्षाला मोजावे लागेल. राखीव नसलेल्या मतदारसंघात आपल्या माणसाला तिकीट देता का? अत्याचार झाला आणि आरोपी तुमच्या मतपेढीतला असला, तर कोणाच्या बाजूने उभे राहता? अनुसूचित जातींसाठीचा निधी दुसरीकडे वळतो तेव्हा तुमचा आमदार सभागृहात बोलतो का? १९७४ आणि १९८८ बद्दल आज काय म्हणता?

व्यासपीठावर बाबासाहेबांचा फोटो लावायला काही खर्च येत नाही. या चार प्रश्नांची उत्तरे द्यायला येतो. म्हणून वॉर्डावॉर्डात, बुद्धविहाराच्या बैठकीत, हे प्रश्न लिहून ठेवू आणि उमेदवार आला की त्याच्यापुढे ठेवू. १९२८ असो की १९६४, संघटित माणसांनी भाग पाडले तेव्हाच पक्ष बदलले आहेत.