घोडेस्वाराची हाडे

एखादा जुना सांगाडा पाहून 'हा माणूस घोड्यावर बसत असे' हे सांगता येईल काय? शास्त्रज्ञ हाच प्रश्न पाच हजार वर्षांपूर्वीच्या हाडांना विचारीत आहेत. त्यांचे उत्तर समजण्यासाठी आधी हाड म्हणजे काय ते पाहू.

हाड जिवंत असते

हाड आपल्याला दगडासारखे निर्जीव वाटते. प्रत्यक्षात जुना भाग पोखरणाऱ्या आणि नवा भाग बांधणाऱ्या पेशींचे काम त्यात अखंड चालू असते. १८६६ मध्ये झुरिच येथे कार्ल कुलमान या अभियंत्याने मांडीच्या हाडाचा उभा छेद पाहिला. आतल्या बारीक पट्ट्यांची मांडणी त्याला यारीतील ताण व दाब यांच्या रेषांसारखी दिसली. पुढे १८९२ मध्ये युलिउस वोल्फ या जर्मन शल्यविशारदाने नियम मांडला : हाडावर जसा भार पडतो, तशी त्याची रचना बदलते. भार वाढला की हाड भक्कम होते; भार गेला की ते विरळ होते. म्हणूनच अंतराळवीरांना यानातही रोज व्यायाम करावा लागतो.

दुडकीचे गणित

स्प्रिंगच्या वजनकाट्यावर उभे राहा, गुडघे वाकवा आणि चटकन उठा. उठताना काटा क्षणभर पुढे सरकतो. घोडा दुडक्या चालीने निघाला की स्वाराचे असेच होते. घोड्याची पाठ त्याला वर ढकलते, तेव्हा त्याच्या शरीरावरील दाब वजनापेक्षा वाढतो. हे वरच्या दिशेचे त्वरण गुरुत्वत्वरणाइतके झाले, तर ४० किलोग्रॅमच्या मुलावर ८० किलोग्रॅम वजनाइतका दाब येईल. खोगिरावर नुसते बसल्यास हा धक्का बैठकीच्या हाडांतून मणक्यांकडे जातो. रिकिबीत पाय रोवून उठल्यास तो पायांकडे वळतो. मांड पक्की ठेवण्यासाठी मांड्यांचे स्नायूही हाडांना सतत ओढत असतात.

सांगाड्याची साक्ष

२०२३ मध्ये रुमानिया, बल्गेरिया व हंगेरी येथील दोनशेहून अधिक सांगाड्यांचा अभ्यास प्रसिद्ध झाला. खुब्याच्या वाटीचा लांबट झालेला आकार, मांडीच्या हाडावरील स्नायूंच्या ठळक खुणा, झिजलेले मणके, पडल्याच्या जखमा अशा सहा लक्षणांवरून यामनाया संस्कृतीतील पाच जण बहुधा घोडेस्वार असावेत, असा निष्कर्ष काढण्यात आला. पण २०२४ मध्ये दुसऱ्या संशोधकांनी हरकत घेतली. पाय दुमडून तासन् तास गाडीत बसणाऱ्याच्या खुब्यातही असे बदल होऊ शकतात, असे त्यांचे म्हणणे. भार पडला हे हाड सांगते. तो कशाने पडला हे मात्र त्यावरून नेहमीच सांगता येत नाही.

मग स्वारीने हाडे बळकट होतात काय?

काही अंशी होतात. पण जमिनीचा आघात मुख्यतः घोड्याचे पाय सोसतात, स्वाराचे नव्हे. पायांच्या हाडांना धावणे, दोरीवरच्या उड्या, खो-खो यांतून अधिक भार मिळतो. शर्यतीतील जॉकींचे उदाहरण तर डोळे उघडणारे आहे. रोज घोड्यावर बसूनही त्यांच्यापैकी अनेकांच्या हाडांची घनता कमी आढळते. वजन घटवण्यासाठी ते अपुरे खातात, हे त्याचे एक प्रमुख कारण मानले जाते. नियम वोल्फचा असला, तरी बांधकामाला माल लागतोच!

स्वारीने उंची वाढते, हा समजही खरा नाही. उंची अनुवंश, आहार आणि संप्रेरके यांवर ठरते; भाराने वाढते ती हाडाची जाडी व घनता.

विद्यार्थी मित्रांनो, हाडांच्या आयुष्यभराच्या साठ्यापैकी बहुतेक भाग विशीच्या आतच जमतो. तो काळ तुमचा आत्ताच चालू आहे. १०० ग्रॅम नाचणीत सुमारे ३५० मिलिग्रॅम कॅल्शियम असते. नाचणीची भाकरी, दूध, थोडे ऊन आणि मैदानावरच्या उड्या एवढे तर घोड्यावाचूनही जमेल. आणि घोडा मिळालाच, तर शिकवणारा जवळ असू द्या, डोक्यावर शिरस्त्राण घाला, मगच मांड ठोका.