पंचनाम्यातला वाघ

तामिळनाडूतील एका खूनखटल्यात फाशीची शिक्षा झालेल्या आरोपीस निर्दोष सोडताना सर्वोच्च न्यायालयाने जुलै 2025 मध्ये डीएनए पुराव्यासंबंधी काही नियम घालून दिले. नमुना घेतल्यापासून 48 तासांच्या आत तो प्रयोगशाळेत पोचावा, आणि तो कोणाकोणाच्या हातांतून गेला याची नोंदवही ठेवावी, हे त्यांतले मुख्य. खटला माणसाच्या खुनाचा होता हे खरे. परंतु मेळघाटच्या पायथ्याशी बसून तो निकाल वाचताना आम्हांस आठवण झाली ती वाघाची.

मेळघाट 1974 साली व्याघ्रप्रकल्प झाला. 2013 साली तेथे वाघांच्या शिकारीची प्रकरणे उघडकीस आली, तेव्हा परप्रांतीय टोळ्यांचा हात किती दूरवर पोचतो हे अमरावती-अकोल्याच्या नागरिकांस कळून चुकले. अशा गुन्ह्याला डोळ्यांनी पाहिलेला साक्षीदार क्वचितच लाभतो. बोलायचे ते कातड्याने, हाडाने, नाहीतर चुलीवरच्या शिजलेल्या मांसाने.

हे मांस बोकडाचे की चितळाचे, एवढे सांगणे आता अवघड राहिलेले नाही. हैदराबादच्या प्रयोगशाळेतील सुनीलकुमार वर्मा व लालजी सिंग यांनी 2003 साली प्रसिद्ध केलेल्या पद्धतीने, आईकडून येणाऱ्या डीएनएतील एका जनुकावरून जात ओळखता येते. परंतु हे कातडे अमुकच वाघाचे, हा प्रश्न निराळा. त्याचे उत्तर संभाव्यतेचे असते, आणि ती संभाव्यता त्या भागातील वाघांच्या नोंदींवरून काढावी लागते. मेळघाट, सातपुडा, पेंच व कान्हा येथील वाघांचे रक्तसंबंध जुळलेले आहेत, असे 2013 च्या एका संशोधनात दिसून आले. भाऊबंदांचे डीएनए बरेच सारखे असते. तेव्हा नाते हिशेबात न धरता ‘जुळले’ म्हणणारा अहवाल आम्ही अर्धाच मानतो. 2011 साली न्यायवैद्यक जनुकशास्त्राच्या आंतरराष्ट्रीय संस्थेने प्राण्यांच्या डीएनएविषयी केलेल्या शिफारशींतही नात्याचा विचार व खात्रीचे तुलना-नमुने यांवर भर आहे.

तथापि प्रयोगशाळा कितीही उत्तम असली तरी हातात येईल त्याचीच ती परीक्षा करणार. रक्ताने ओला कपडा प्लास्टिकच्या पिशवीत कोंबला की त्याला बुरशी येते. तो वाळवून कागदात ठेवायला हवा. वऱ्हाडचा उन्हाळा तर सर्वांस ठाऊकच आहे! असा नमुना कचेरीच्या कपाटात पंधरा दिवस पडला, तर पुढे हैदराबादेस काय पोचणार?

यात शिकारी सुटण्याचीच भीती आहे असे नव्हे. वाघाच्या शिकारीला किमान 3 व कमाल 7 वर्षांची कैद आहे. संशय प्रथम ज्यांच्यावर येतो ते बहुधा कोरकू किंवा फासेपारधी असतात, आणि अहवालास हरकत घेण्यासाठी तज्ज्ञ उभा करण्याची ऐपत त्यांना कोठली?

म्हणून वनखात्याने न्यायालयाचे हे नियम आपण होऊन स्वीकारावेत, असे आम्ही आग्रहाने म्हणतो. आयएसओ 17025 ची मान्यता त्याच चाचणीसाठी असलेल्या प्रयोगशाळेकडेच नमुने जावेत. अहवालात चुकीची शक्यता आकड्यांत यावी, आणि त्याची प्रत आरोपीस मिळावी. परतवाडा, धारणी, अकोट येथील वनरक्षकांना नमुना घेण्याचे शिक्षण व साहित्य येत्या उन्हाळ्यापूर्वी द्यावे. त्याचा खर्च एका गस्तीच्या जीपगाडीपेक्षा अधिक येईल असे आम्हांस वाटत नाही.