पत्रांची खतावणी

पत्र घरात होतं, पण सापडत नव्हतं.

जुलैतली संध्याकाळ. रत्नागिरीत पाऊस लागून राहिला की आधी वीज जाते, मग मोबाइलची रेंज जाते, आणि मग माणसाला जुनी कामं आठवतात. घरात बागेच्या हद्दीचा विषय निघाला होता. काकांनी बऱ्याच वर्षांपूर्वी ईमेल पाठवून कुठल्या अंगाला किती कलमं आहेत ते ओळीने लिहिलं होतं, एवढं मला पक्कं आठवत होतं. नेट नसलं तरी चिंता नव्हती. माझी सगळी पत्रं मी लॅपटॉपवर उतरवून ठेवतो. बॅटरी तास-दीड तास पुरली असती. टर्मिनलची काळी खिडकी उघडली, 'ग्रेप' लिहिलं, पुढे 'कलमं' लिहिलं, पत्रांच्या फोल्डरचं नाव दिलं आणि एंटर दाबलं.

काहीच आलं नाही.

शंका आली म्हणून दुसरं एक मराठी पत्र उघडलं. त्याच्या पहिल्याच ओळीत 'रत्नागिरी' होतं. ग्रेपला विचारलं, रत्नागिरी? पुन्हा शांतता. डोळ्यांना दिसणारा शब्द यंत्राला दिसत नव्हता. त्या रात्री सुरू झालेला शोध पुढे पेशवे दफ्तरापर्यंत जाईल असं तेव्हा वाटलं नव्हतं.

चार, के, एस

ग्रेप हे १९७३ सालचं हत्यार आहे. युनिक्सच्या जनकांपैकी एक, केन थॉम्पसन यांनी ते बेल लॅब्जमध्ये लिहिलं. काम साधं: फाइल पहिल्या ओळीपासून वाचायची आणि सांगितलेली अक्षरं ज्या ओळीत आहेत ती ओळ दाखवायची. साध्या मजकुरावर ते आजही बिनचूक चालतं. अडचण ग्रेपची नव्हती, पत्राच्या प्रवासाची होती.

ईमेल नेण्याचा मूळ करार, एसएमटीपी, १९८२ सालचा. त्या वाटेवरून सात बिटांची इंग्रजी अक्षरं तेवढी जात. देवनागरीचं प्रत्येक चिन्ह, मग ते अक्षर असो, काना असो वा हलन्त, यूटीएफ-८ पद्धतीत तीन बाइट घेतं, आणि ते तिन्ही त्या जुन्या वाटेत न मावणारे. १९९२ साली नॅथॅनिअल बोरेनस्टीन आणि नेड फ्रीड यांनी 'माइम' नावाचा तोडगा काढला. मजकूर आधी साध्या इंग्रजी अक्षरांत बांधायचा आणि पोचल्यावर सोडायचा. या बांधणीचा एक प्रकार म्हणजे बेस-६४. त्यात तीन बाइटांची चार इंग्रजी अक्षरं होतात.

मी काकांच्या काळातलं एक पत्र कच्च्या रूपात उघडलं. मराठीचा मागमूस नाही, नुसता इंग्रजी अक्षरांचा गुंता. पण पाहता पाहता एक गोष्ट लक्षात आली. 'चार, के, एस' हे त्रिकूट पुनःपुन्हा येत होतं. ते आपल्या बहुतेक अक्षरांचं आडनाव म्हणायचं. चार-के-एस-व्ही म्हणजे 'क', चार-के-एस-डब्ल्यू म्हणजे 'र'. 'रत्नागिरी' या शब्दात र, त, हलन्त, न, काना, ग, वेलांटी, र, वेलांटी अशी नऊ चिन्हं आहेत. बाइट झाले सत्तावीस, आणि बांधलेली अक्षरं छत्तीस.

मग ग्रेपला ही छत्तीस अक्षरंच द्यावीत? तेही जमत नाही. दोन शब्दांमधली मोकळी जागा एकच बाइट घेते, त्यामुळे तिच्यापुढची तीन-तीनची मोजणी सरकते. एकच 'रत्नागिरी' पत्रातल्या जागेप्रमाणे तीन वेगवेगळ्या वेषांत येतं. भरीला दर शहात्तर अक्षरांवर ओळ तुटते, मग शब्द मधोमध कापला जातो. गाठोडं न सोडता आतलं लुगडं हुडकण्यासारखं हे काम.

रोजकीर्द आणि खतावणी

लक्ष्मीपूजनाच्या दिवशी ज्यांच्या दुकानात वह्यांना हळदकुंकू लागतं त्यांना पुढचं सांगायला नको. रोजकीर्दीत व्यवहार घडेल त्या क्रमाने उतरतात. पण अमक्याकडे येणं किती, हे रोजकीर्द चाळून सांगायला दिवस जाईल. म्हणून खतावणी. तिथे प्रत्येक नावाचं खातं असतं आणि प्रत्येक नोंदीसमोर रोजकीर्दीचं पान असतं.

साठवलेली पत्रं ही रोजकीर्द असते. 'एमबॉक्स' या जुन्या पद्धतीत तर ती अक्षरशः एकच लांब वही असते. पत्रामागून पत्र चिकटवलेलं, आणि नवं पत्र कुठे सुरू झालं याची खूण म्हणजे 'फ्रॉम' या शब्दाने सुरू होणारी ओळ. कुणी मजकुरातच एखादी ओळ 'फ्रॉम'ने सुरू केली तर घोटाळा होऊ नये म्हणून तिच्याआधी एक बाणाचं चिन्ह घुसडलं जातं. जुन्या पत्रांत हे उपरे बाण अजून दिसतात. गूगलच्या टेकआउट सोयीतून जीमेल उतरवून घेतलं की हातात पडते ती हीच वही. दुसरी पद्धत डॅनिअल बर्नस्टीन यांची 'मेलडिर': एक पत्र, एक फाइल, आणि तीन कप्पे. येत असलेलं 'टीएमपी'त, नुकतं आलेलं 'न्यू'मध्ये, पाहून झालेलं 'कर'मध्ये. जुन्या वाड्यातल्या कोनाड्यांसारखी व्यवस्था.

खतावणी घालणारे कारकून वेगळे. मी वापरतो तो 'नॉटमच', कार्ल वर्थ यांनी २००९ साली सुरू केलेला. डर्क-यान बिनेमा यांचा 'मू' हा त्याच जातीचा. दोघांच्या पोटात 'झेपियन' नावाचं शोधयंत्र आहे. 'नॉटमच न्यू' म्हटलं की तो नवी पत्रं एकदाच वाचतो. बेस-६४ ची गाठोडी सोडतो, शब्द वेगळे करतो आणि प्रत्येक शब्दाच्या खात्यात पत्राचा क्रमांक टाकतो. पाठवणारा, विषय, तारीख यांची खाती निराळी. या क्रमांकांच्या यादीला संगणकशास्त्रात 'पोस्टिंग लिस्ट' म्हणतात, आणि रोजकीर्दीतून खात्यावर नोंद नेण्याला इंग्रजी हिशेबनीसही 'पोस्टिंग'च म्हणतात. शब्दाने गोत्र लपवलेलं नाही.

नॉटमच मूळ पत्राच्या मजकुराला हात लावत नाही. सूची बिघडली तर पुसून पुन्हा बांधता येते, मूळ पत्र गेलं तर गेलंच. मात्र आपण पत्रांना लावलेल्या खुणा, म्हणजे टॅग, सूचीतच राहतात. म्हणून 'नॉटमच डंप' करून त्यांची नक्कल अधूनमधून काढून ठेवावी. २०२१ च्या जुलैत चिपळूणच्या लोकमान्य टिळक स्मारक वाचन मंदिरात पुराचं पाणी शिरलं. ती भिजलेली पुस्तकं ज्याने पाहिली त्याला नकलेचं महत्त्व वेगळं पटवावं लागत नाही.

गोविलचा माणूस, पुण्याचे रुमाल

पत्रांच्या ढिगातून पत्र शोधण्याचं मराठीतलं सर्वांत मोठं काम रत्नागिरी जिल्ह्यातल्याच माणसाने केलं. रियासतकार गोविंद सखाराम सरदेसाई यांचा जन्म १८६५ साली गोविल गावचा, शाळा रत्नागिरीची. बडोद्याला सयाजीराव महाराजांच्या पदरी नोकरी करून १९२५ साली ते निवृत्त झाले. पुढे मुंबई सरकारने पुण्यातल्या पेशवे दफ्तराची छाननी त्यांच्याकडे सोपवली.

समोर काय होतं? पस्तीस हजारांच्या आसपास रुमाल. रुमाल म्हणजे कापडात बांधलेलं कागदांचं गाठोडं. लिपी मोडी, तीही हात न उचलता लिहिलेली, दोन शब्दांत मोकळी जागा न सोडणारी. नॉटमच मोकळी जागा पाहून शब्द तोडतो. मोडी वाचणाऱ्याला शब्द स्वतः तोडावे लागतात. ऱ्हस्वदीर्घाचा आधारही मोडीत नाही.

दफ्तराला व्यवस्था नव्हती असं नाही. शाहू दफ्तर, आंग्रे दफ्तर, रोजकीर्दी, घडणी असे विभाग होते. पण ही मांडणी मुख्यतः महसुलाच्या उपयोगाची. पेशवाई गेल्यावर इंग्रजांनी हे कागद जपले ते जमिनी आणि इनामांच्या चौकशीसाठी. इनाम कमिशनला विचारायचं होतं, हे गाव कुणाला आणि कुठल्या सनदेने? त्या प्रश्नाचं उत्तर दफ्तर देत असे. पानिपतच्या आधी कोणी कोणाला काय लिहिलं, असं विचारलं की मात्र गप्प. खतावणी ज्या प्रश्नासाठी घातली, त्याच प्रश्नाला ती उत्तर देते.

सरदेसायांनी प्रश्न बदलला. १९३० ते १९३४ या काळात 'सिलेक्शन्स फ्रॉम द पेशवा दफ्तर' या नावाने पंचेचाळीस खंड छापून झाले. सर्वांत चिवट काम तारखांचं होतं. जुन्या पत्रात 'छ' लिहून चांद्र महिन्याची तारीख देत, म्हणजे छ ५ रबिलावल, आणि वर्ष पुष्कळदा लिहीतच नसत. लिहिणाऱ्याला आणि वाचणाऱ्याला ते ठाऊकच असे. मग मजकुरातल्या लढाया, लग्नं, मृत्यू पाहून आणि जंत्री लावून साल ठरवायचं. मदतीला एक छोटी खूण असे: 'पै॥', म्हणजे पैवस्ती, पत्र पोचल्याची तारीख.

ईमेलच्या माथ्यावर हेच सगळं असतं. 'डेट' ही लिहिणाऱ्याची तारीख, आणि 'रिसीव्ह्ड' ही वाटेतल्या प्रत्येक ठाण्याने मारलेली पैवस्ती. लिहिणाऱ्याच्या संगणकाचं घड्याळ चुकलं असेल तर पत्र भलत्याच सालात जाऊन बसतं, आणि ते ओढून आणायला पैवस्तीच कामी येते.

एका आंब्याची किती रूपं

खतावणी घालूनही पहिल्या झटक्यात काकांचं पत्र मिळालं नाही. यावेळी दोष माझ्या भाषेच्या श्रीमंतीचा होता.

इंग्रजीत मँगो आणि मँगोज एकाच खात्यात टाकणं सोपं. मार्टिन पोर्टर यांनी १९८० साली शब्दांची शेपटं छाटण्याचे नियम प्रसिद्ध केले आणि जगभरच्या शोधयंत्रांनी ते उचलले. झेपियनचा पूर्वज असलेलं 'मस्कॅट' हे यंत्रही त्यांच्याच हातचं. मराठीत शेपूट छाटून भागत नाही, कारण शेपूट लागण्याआधी शब्दाचं अंगच बदलतं. आंबा, आंबे, आंब्याचा, आंब्यांना, आंब्यावरून. इंग्रजीचे नियम घेऊन बसलेल्या कारकुनाला ही पाच वेगळी गिऱ्हाइकं वाटतात. आपल्या सामान्यरूपाची त्याला ओळख नाही.

तोडगा म्हणून तारांकन वापरता येतं. 'आंब' लिहून पुढे तारा टाकला की आंबा-आंब्याची सगळी रूपं येतात, आणि त्यांच्या पाठोपाठ आंबट, आंबोळी, आंबेगाव अशी वरातही येते. बारीक भानगडी आणखी आहेत. 'किनाऱ्यावर' मधला अर्धा र संगणकात निदान तीन प्रकारे लिहिता येतो. पडद्यावर तिन्ही जुळे दिसतात, खतावणीत सावत्र. युनिकोडपूर्वीच्या खास फाँटांत लिहिलेली मराठी पत्रं त्या फाँटाशिवाय निरर्थक चिन्हांचा पाऊस वाटतात. आणि मुंबईच्या चाकरमान्यांनी रोमन लिपीत लिहिलेल्या मराठीत 'आंबा' एका 'ए'ने सुरू होतो की दोन, हे ज्याच्या त्याच्या मर्जीवर. मी आता अशा रूपांची एक यादी हाताने करून ठेवली आहे. एका शोधात चार-पाच रूपं 'ऑर' घालून जोडतो. ओबडधोबड आहे, पण भागतं.

काकांनी आयुष्यात कधी 'कलमं' लिहिलं नाही. ते शाळेत शिकवल्याप्रमाणे 'कलमे' लिहीत. 'कलम'पुढे तारा टाकला तेव्हा पत्रांची रांग लागली, आणि वर बसली वकिलांची पत्रं: कलम अमुक, पोटकलम तमुक. हापूसचं कलम, कायद्याचं कलम आणि बोरूचं कलम खतावणीत शेजारी शेजारी नांदतात. मग 'फ्रॉम' लावून काकांचा पत्ता दिला, 'डेट' लावून २०११ ते २०१३ ही वर्षं दिली. एकच पत्र उरलं.

त्यात सगळं होतं. विहिरीच्या अंगाला किती, गडग्याला लागून किती, कुठलं कलम कुणी लावलेलं. शेवटी काकांनी विचारलं होतं की पायवाटेकडची दोन कलमे म्हातारी झाली आहेत, काढायची की ठेवायची ते कळव.

मी काय कळवलं होतं? माझ्या पाठवलेल्या पत्रांत शोधलं. कलमे, कलमं, कलमांना, झाडं, रोमन लिपीतली रूपं, सगळं घालून पाहिलं. काही आलं नाही. पहिल्या रात्री ग्रेपने असंच 'काही नाही' म्हटलं होतं तेव्हा मी त्याच्यावर विश्वास ठेवला नव्हता, आणि ते बरोबरच होतं. या वेळी खतावणी घातलेली होती, रूपं माझी मीच तपासली होती. मी उत्तर पाठवलंच नव्हतं.

सकाळी पाऊस उघडला तेव्हा पायवाटेकडे जाऊन आलो. दोन्ही कलमं उभी आहेत.