ग्राहकमाहितीचा शासनास सशुल्क पुरवठा

दूरध्वनी, भ्रमणध्वनी व इंटरनेट सेवा पुरविणाऱ्या कंपन्यांनी ग्राहकांच्या संदेशवहनाविषयीची माहिती मोबदला घेऊन शासकीय यंत्रणांना देण्याची पद्धत. कोणी कोणास, केव्हा व किती वेळ दूरध्वनी केला, याची नोंद कंपनीकडे आपोआप तयार होते; भ्रमणध्वनीच्या बाबतीत तो कोणत्या मनोऱ्याच्या क्षेत्रात होता, हेही नोंदले जाते. प्रत्यक्ष संभाषण त्यात नसले, तरी अशा नोंदी एकत्र केल्यास व्यक्तीचे स्नेहसंबंध, आजारपण, राजकीय संपर्क व दिनक्रम यांचे चित्र उभे राहते. त्यामुळेच त्या गुन्ह्यांच्या तपासास उपयुक्त ठरतात आणि त्याच कारणाने त्यांचा दुरुपयोगही संभवतो. या व्यवहाराचा विपुल तपशील अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांत उजेडात आला असल्याने प्रस्तुत नोंदीत मुख्यतः त्या देशाचा विचार केला आहे.

कायदेशीर आधार : अमेरिकी संविधानाच्या चौथ्या दुरुस्तीने नागरिकांस अवाजवी झडतीपासून संरक्षण दिले आहे. काट्झ खटल्यात (१९६७) सर्वोच्च न्यायालयाने हे संरक्षण दूरध्वनीवरील संभाषणासही लागू केले. तथापि स्मिथ विरुद्ध मेरिलंड या खटल्यात (१९७९) ग्राहक ज्या क्रमांकाशी संपर्क साधतो तो क्रमांक तो स्वतःच कंपनीस कळवितो, म्हणून त्याबाबत त्याला गोपनीयतेची रास्त अपेक्षा ठेवता येत नाही, असा निर्णय देण्यात आला. ‘त्रयस्थ पक्ष सिद्धांत’ म्हणून ओळखल्या जाणाऱ्या या विचारसरणीमुळे ग्राहकाविषयीची नोंद कायद्याच्या दृष्टीने कंपनीची व्यावसायिक नोंद ठरली.

इलेक्ट्रॉनिक संदेशवहन गोपनीयता अधिनियमात (१९८६) माहिती शोधणे, एकत्र करणे व पुरविणे यांसाठी येणारा वाजवी खर्च शासनाने कंपनीस द्यावा, अशी तरतूद आहे. रक्कम उभयपक्षी ठरवावी व मतभेद झाल्यास न्यायालयाने ती निश्चित करावी, असे त्यात म्हटले आहे. दूरध्वनीच्या सामान्य आकारणी-नोंदी मात्र यातून सर्वसाधारणपणे वगळल्या आहेत. १९९४ च्या अधिनियमाने जुन्या यंत्रसामग्रीत पोलिसांच्या श्रवणासाठी बदल करण्याकरिता ५० कोटी डॉलरपर्यंतच्या खर्चास मान्यता दिली.

मोबदल्याचे स्वरूप : काँग्रेसचे सदस्य एडवर्ड मार्की यांनी केलेल्या चौकशीस भ्रमणध्वनी कंपन्यांनी २०१२ मध्ये उत्तरे दिली. त्यांनुसार २०११ या एका वर्षात ग्राहकमाहितीसाठी सु. १३ लाख मागण्या आल्या होत्या. एटी अँड टी या कंपनीस अशा कामापोटी २००७ मध्ये मिळालेली २८ लाख डॉलरची रक्कम २०११ मध्ये ८३ लाखांवर गेली. हा नफा नसून खर्चाची भरपाई होय, अशी कंपन्यांची भूमिका असते.

एडवर्ड स्नोडेन याने २०१३ मध्ये उघड केलेल्या कागदपत्रांमुळे याहून मोठे व्यवहार प्रकाशात आले. नॅशनल सिक्युरिटी एजन्सीने संदेशवहन कंपन्यांच्या जाळ्यांत प्रवेश मिळविण्यासाठी त्या वित्तीय वर्षी २७.८ कोटी डॉलरची तरतूद केल्याचे वृत्त ‘वॉशिंग्टन पोस्ट’ने दिले. ‘न्यूयॉर्क टाइम्स’ने त्याच वर्षी स्वतंत्रपणे दोन गोष्टी प्रसिद्ध केल्या. सेंट्रल इंटेलिजन्स एजन्सी एटी अँड टीस दरवर्षी एक कोटी डॉलरहून अधिक रक्कम देत होती व हा करार न्यायालयीन आदेशावर नव्हे, तर स्वेच्छेवर आधारलेला होता. तसेच ‘हेमिस्फिअर’ प्रकल्पात याच कंपनीचे कर्मचारी अमली पदार्थविरोधी पथकांसमवेत बसून १९८७ पासूनच्या नोंदी शोधून देत व त्यांचे वेतन शासन देत असे.

मूल्यमापन : मोबदल्याच्या बाजूने दोन मुद्दे मांडले जातात. फुकट मिळणारी वस्तू बेसुमार मागितली जाते. शुल्कामुळे मागणीस काही प्रमाणात आळा बसतो. शिवाय प्रत्येक देयकाचा कागद मागे राहत असल्याने पाळतीचा हिशेब विचारता येतो. उलटपक्षी, भरपाईचे रूपांतर नियमित उत्पन्नात झाले की कंपनीस मागणी नाकारण्याचे कारण उरत नाही. आदेशाविरुद्ध न्यायालयात जाऊ शकणारा पक्ष बहुधा कंपनी हाच असतो, कारण ग्राहकास आपली माहिती दिली गेल्याचे अनेकदा कळतही नाही. याहू कंपनीने २००७ मध्ये असा आदेश आव्हानित केला, तेव्हा तिला दररोज अडीच लाख डॉलर दंडाची धमकी देण्यात आली होती. जेथे आदेशाऐवजी करार असतो, तेथे हा एकमेव आक्षेपकर्ताही विक्रेता बनतो.

कार्पेंटर खटल्यात (२०१८) सर्वोच्च न्यायालयाने पाच विरुद्ध चार मतांनी त्रयस्थ पक्ष सिद्धांतास मर्यादा घातली. तपासयंत्रणेने आरोपीच्या भ्रमणध्वनीच्या १२७ दिवसांतील १२,८९८ स्थाननोंदी मिळविल्या होत्या. अशा माहितीसाठी सामान्यतः न्यायालयाचे अधिपत्र आवश्यक आहे, असे न्यायालयाने ठरविले. तथापि हा निर्णय सक्तीने मागितलेल्या माहितीसंबंधी आहे. भ्रमणध्वनीतील उपयोजनांतून गोळा झालेली स्थानविषयक माहिती मध्यस्थ व्यापारी खुलेपणाने विकतात आणि गुप्तवार्ता यंत्रणा ती विकत घेतात, हे राष्ट्रीय गुप्तवार्ता संचालकांच्या कार्यालयाने २०२३ मध्ये खुल्या केलेल्या एका अहवालात मान्य करण्यात आले. अशा खरेदीसही न्यायालयीन आदेशाचे बंधन घालणारे विधेयक प्रतिनिधिगृहाने एप्रिल २०२४ मध्ये संमत केले. परंतु सीनेटची संमती न मिळाल्याने त्या काँग्रेसच्या मुदतीत त्याचा कायदा होऊ शकला नाही. परिणामी जी माहिती मागण्यासाठी न्यायाधीशाची अनुज्ञा लागते, तीच विकत घेण्यास केवळ अंदाजपत्रकातील तरतूद पुरते, ही विसंगती कायम राहिली.